एच.पी. बाकी अकरा

श्रीपादच्या खिशातल्या डायरीत
शाई कमी, टिंबं जास्त.
पूर्ण शब्दांवर कुणी कर बसवला असावा
असं लिहायचा. मला वाटायचं, हिशेब.
तो गेल्यावर उघडली, आणि वाचता येईना.

मग देवास नाक्यावर गेले, इमदादभाईंच्या गॅरेजात.
तिथे रविवारी सकाळी पिकअपवाले जमतात,
बॉनेटवर कट चहाचे ग्लास ठेवून
मुलीचं स्थळ सांगावं तशी गाडी सांगतात:
'एफ.बी. है भिया, पी.एस., वन पॉइंट सेव्हन.'
मी उलट्या टायरवर बसून
एकेका अक्षराचा अर्थ विचारत गेले.

एफ.बी. म्हणजे सपाट डाला.
पी.एस. म्हणजे स्टिअरिंग करंगळीने वळतं.
आमच्या गाडीला ते नाही.
रात्री त्याचे खांदे दुखायचे,
मी म्हणायचे, वय झालं.
वन पॉइंट सेव्हन हे टन, कागदावरचे.
चोइथराम मंडीत त्यावर बटाटे किती चढतात
हे विचारलं, तर सगळ्यांना एकदम खोकला आला.

सी.बी.सी. लोकेंद्रने समजावलं:
'नुसती केबिन आणि चासी, काकी. मागे काहीच नसतं.
डाला ज्याचा त्याने बांधायचा.'
आणि माझ्याकडे बघून उगाच गप्प झाला.
मी गाडीचंच ऐकत होते.

जी.व्ही.डब्ल्यू.साठी इमदादभाईंनी
शटरवर खडूने बेरीज मांडली:
गाडी, डिझेल, ड्रायव्हर, माल,
'सब मिला के, भाभी, जितना सड़क पे पड़ता है.'

घरी येऊन कपाटातली लग्नपत्रिका काढली.
चि.सौ.कां. वैजयंती.
हे माझं पहिलं पासिंग.
पुढे सौ. झाले,
आणि एका मंगळवारी, कुणी न विचारता, गं.भा.
ना फॉर्म, ना फी, ना फोटो.
गाडीचं नाव बदलायला मात्र
नायता मुंडल्याच्या आरटीओत तीन फेऱ्या,
फॉर्म एकतीस, त्याचा दाखला, माझा अंगठासुद्धा,
सही येत असून.

आता डायरीतली ती ओळ.
दर महिन्याच्या पाच तारखेला
एच.पी. १४ बा.
एच.पी. १३ बा.
एच.पी. १२ बा.
मी समजले हॉर्सपॉवर.
म्हटलं, गाडी म्हातारी होतेय,
एकेक घोडा मरतोय,
आणि हा प्रामाणिकपणे मोजतोय.
रविवारी हे सांगितलं
तेव्हा सगळा कट्टा हसला,
इमदादभाई सोडून.
'वो एच.पी. नहीं, भाभी.
आर.सी. पे बँक का नाम चढ़ा है. किस्तें.
ग्यारह बाकी हैं.'

मला तर सांगितलं होतं, रोख घेतली.
दुकानाचे पैसे आले त्यातून.

त्याच ओळींच्या शेवटी, बारीक अक्षरात,
वै. बो. ना.
इमदादभाईंनी चष्मा वर केला,
'वै... ये तो किसी पुर्जे में नहीं आता.
बो शायद बोल्ट. ना, नायलॉन का कुछ?'
मी म्हटलं, असेल एखादा वॉशर.
वै. तर मीच.
बो. म्हणजे चौदा महिने ओठांवर येऊन
त्याने जे केलं नाही ते.
ना. समजायला आरटीओ लागत नाही.

अकरा हप्ते लोकेंद्रने ओढले,
महूचे बटाटे, सांवेरचा लसूण,
एकदा कुणाचं तरी सोफा, कपाट, तुळशीचं डबडं
आणि भेरूघाटात कमानीचा एक पट्टा तुटला
तो धरून.
बँकेचा कागद हातात आला तेव्हा
नाक्यावर कुणीतरी ओरडलं, 'एच.पी. कटी!'
आणि चहाचे पैसे कुणी मला देऊ दिले नाहीत.

त्या रात्री त्याच्याच डायरीत लिहिलं,
पाच तारीख, एच.पी. ० बा.
थांबले. मग खाली,
एकही टिंब न वाचवता:
ता. क.
मी रविवारपासून बायपासच्या मोकळ्या प्लॉटवर
गाडी चालवायला शिकते आहे.
स्टिअरिंग खरंच जड आहे.